साक्षी आजारी का पडली नाही

१

मधली सुट्टी संपून कविता सुरू झाली होती. दुसरीतला एक मुलगा पोट धरून उठला, दारापर्यंत पोचलाच नाही, उंबऱ्यावरच भडभडून ओकला. अंकिता टीचर त्याला सावरायला धावली तोवर मागच्या बाकावरची मुलगी ओणवी झाली. मग तिसरा, मग चौथी. कोण रडतंय, कोण संडासाकडे पळतंय. आंबेखोलची सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे एकच मोठी खोली, पहिली ते चौथी मिळून नऊ मुलं. त्यांतली सहा बघता बघता आडवी झाली.

कमलाक्षी तेव्हा तिथेच होती. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं आंबेखोल हे तिच्या नवऱ्याचं गाव. माहेर डिचोलीकडचं, कारापूरचं. पण उभी हयात गेली ती अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात, तिथल्या सरकारी शाळांत शिकवण्यात. नवरा श्रीनाथ वारल्यावर ती इथल्या घरी येऊन राहिली आणि सकाळी मुलांना वाचन शिकवायला शाळेत येऊ लागली, फुकट. गावाला हे फुकटपण खुपत होतं. पाठीमागे तिला ‘अमेरिकेची’ म्हणत, आणि तिच्या फटकळ जिभेने कुणी दुखावलं तर तोंडावरही.

एकशेआठची गाडी यायच्या आत अर्धं गाव शाळेच्या अंगणात जमलं. माजी सरपंच बाबुराव काठी आपटत आत शिरले. आजारी मुलांत त्यांची नात समीक्षा होती.

“काय खाल्लंस गो? खरां सांग! ती उसळ खाल्लंस?” त्यांनी नातीला विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच बाहेर जाऊन चवळीच्या उसळीच्या टोपावर काठी हाणली.

त्यांच्या मागून सून प्रतीक्षा धावत आली. पालक-शिक्षक संघाची ती अध्यक्ष, गोड बोलणारी, नीटनेटकी बाई. तिने भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली समीक्षाची गुलाबी बाटली ओढून काढली, हलवली, उलटी केली. थेंब पडला नाही.

“पाणी संपवलंस ना सगळं? तूच प्यालीस ना गो?” लेकीला पोटाशी धरून ती पुन्हा पुन्हा विचारत होती. पोरीच्या अंगातलं पाणी गेलंय या काळजीने आई कासावीस झाली, असं कमलाक्षीला वाटलं.

एवढ्यात अंगणातून गोकुळदास दुकानदाराचा आवाज चढला. “ह्या बघा! सगळी भुरगीं मराक टेकली आणि रांधपिणीचां चेडू बघा कसां धड आसा!”

कोपऱ्यात साक्षी उभी होती. शाळेचं जेवण रांधणाऱ्या सिंधूची मुलगी. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

२

शाळेतल्या नऊ मुलांतली सहा बाहेरगावच्यांची, म्हणजे कोल्हापूर-बेळगावकडून बांधकामावर आलेल्या लोकांची. गावची अशी तीनच उरली होती: समीक्षा आणि गोकुळदासचे दोन नातू. बाकीच्या गावकऱ्यांची मुलं रोज सकाळी पिवळ्या बालरथात, शाळेच्या बसमध्ये, बसून मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत जात. बालरथ या शाळेच्या दारावरूनच जायचा, थांबायचा नाही.

चंदगडकडची सिंधू यंदापासून शाळेचं जेवण रांधत होती. आधी ते काम गावच्या भाग्यलक्ष्मीकडे होतं. सिंधू आली तशी गावच्या तिन्ही मुलांना घरून डबा आणि पाण्याची बाटली सुरू झाली. ‘तिच्या हातचं खाऊ नका’ असं उघड कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

त्यामुळे हिशेब सगळ्यांना सोपा वाटला. गोकुळदासचे नातू घरचा डबा खाऊन बरे राहिले. उसळ खाणारी पाचजणं आजारी पडली. समीक्षाने चोरून उसळ चाखली असणार. आणि साक्षी? तिला आईने आधीच सांगून ठेवलं असणार.

“आपल्या चेडवाक जपलां आणि दुसऱ्यांच्या भुरग्यांक वीख घातलां,” गोकुळदास म्हणाला.

“इख घालायला मी वैरीन हाय व्हय?” सिंधूच्या हातात अजून डाव होता. “आजारी पडलेली पोरं माझ्याच गावाकडची हायत. त्यांच्या आया माझ्या शेजारणी. मी कशाला घालू?”

“तुमचां काय सांगूचा!” बाबुराव गरजले. “भायल्यांक चुलीकडे बसवल्यार आणि काय होतलां?”

संध्याकाळपर्यंत मुलं सावरली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने कमलाक्षीला बाजूला घेऊन सांगितलं, “हे नासलेल्या अन्नाचं वाटत नाही. इतक्या झटकन सुरू झालं आणि तितक्याच झटकन थांबलं. कुणीतरी जुलाबाचं काहीतरी दिलंय. जेपाळाच्या, जमालगोट्याच्या, बिया असतात ना, तसलं. एखादं मूल अशक्त असतं तर हातचं गेलं असतं.”

म्हणजे अपघात नव्हता. कुणीतरी जाणूनबुजून केलं होतं. डॉक्टरचं हे बोलणं सिंधूला वाचवील असं कमलाक्षीला वाटलं. झालं उलटंच. पोलिसांनी सिंधूला चौकीवर बसवून जबानी घेतली आणि गाव सोडायचं नाही असं बजावलं. ती आणि तिचा नवरा परशुराम परतले तेव्हा गोकुळदासने त्यांना भाड्याने दिलेल्या खोलीतलं सगळं सामान रस्त्यावर काढून ठेवलं होतं. साक्षी आपल्या दप्तरावर बसून होती.

३

दुसऱ्या दिवशी शाळा बंद होती. अंकिताने दार उघडलं. खोलीत फिनेलचा वास कोंडला होता.

“मॅडम, आता ही शाळा राहत नाही,” अंकिता म्हणाली. “आधीच मुलं कमी. वरून विचारणा आलीय, शेजारच्या शाळेत विलीन का करू नये म्हणून.”

“तुला बरंच झालं. घर डिचोलीला, बदली तिकडेच मिळेल.”

अंकिताचा चेहरा पडला. कमलाक्षीला बोलून गेल्याचं वाईट वाटलं नाही. बोलून बघायचं होतं ते तिने बघून घेतलं होतं.

“माझ्यावर संशय आहे का तुमचा?”

“सगळ्यांवर आहे. मला एक सांग, घाण कुणी काढली?”

“आधी मीच. किळस कसली, आपलीच मुलं.” अंकिता थांबली. “एक मात्र मला कळलं नाही. पाचजणांच्या ओकारीत चवळी दिसत होती. समीक्षाच्या ओकारीत चवळीचा एक दाणा नव्हता. नुसती चपाती आणि बटाटा, घरच्या डब्यातलं. तिने उसळ खाल्लीच नव्हती.”

कमलाक्षी खुर्चीत सरसावून बसली. “आणि साक्षीने?”

“ती तर दोनदा मागून खाते.”

जिने उसळ खाल्ली नाही ती आजारी, आणि जिने दोनदा खाल्ली ती ठणठणीत. मग उसळीचा संबंधच काय? कमलाक्षीची नजर खोलीभर फिरली आणि टेबलाजवळच्या स्टीलच्या फिल्टरवर थांबली. बाहेरगावची सहा मुलं याचंच पाणी पीत. तो लख्ख घासून पालथा घातला होता.

“हा तू घासलास?”

“नाही. प्रतीक्षाताईंनी. पोरीला आरोग्य केंद्रात सोडून त्या परत आल्या, मला म्हणाल्या तू दमलीस, आणि सगळी खोली धुऊन काढली. फिल्टरही त्यांनीच दिलेला शाळेला, पंधरा ऑगस्टला. देवमाणूस आहेत हो.”

“काल सकाळी कोण कोण आलं होतं?”

अंकिताने आठवून सांगितलं. ती रोजच्यासारखी आल्या आल्या फिल्टर भरून मुलांना प्रार्थनेला अंगणात घेऊन गेली. गोकुळदासने पाव फाटकाशी ठेवले, आत आला नाही. भाग्यलक्ष्मी आपला मोठा टोप मागायला आली, ती बाहेर चुलीकडे सिंधूशी भांडून गेली. बाबुराव आत येऊन टीचरच्याच खुर्चीत बसून राहिले, शाळा बंद होण्याच्या गोष्टी कुणाकडून तरी ऐकल्या होत्या त्याचा जाब विचारायला. आणि प्रतीक्षाताई स्नेहसंमेलनाचे कपडे कपाटात ठेवून गेल्या.

“खोलीच्या आत शिरली ती दोनच माणसं,” कमलाक्षी हळूच म्हणाली. “आणि दोन्ही एकाच घरची.”

४

ती आधी भाग्यलक्ष्मीकडे गेली. दारातच भाग्यलक्ष्मीने पदर खोचला.

“माका सिंधूचो राग आसा, तां मी लपवीत नाय. माजां काम गेलां. पण वर्सभर ती भुरगीं माज्या हातचां जेवलींत. त्यांच्या पोटाक मी हात लावतलंय? आणि तुमका कित्याक इतकी पंचाईत? अमेरिकेत काय शाळा नाय, म्हणान आमची उकरूक आयल्यात?”

दार आपटलं. पावासाठी कमलाक्षी दुकानावर गेली तर गोकुळदासने पाव संपले म्हणून सांगितलं, पावाची टोपली समोर भरलेली असताना. दुकानातल्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या, सरकल्या नाहीत. घरी आली तर फाटकाची कडी कुणीतरी उपटून नेली होती.

मग बाबुराव. ते देवळाच्या पायरीवर बसले होते. श्रीनाथ त्यांच्या वर्गातला, म्हणून ते तिला वयनी म्हणत, पण आज त्या शब्दात ओलावा नव्हता.

“वयनी, तुजो घोव माजो दोस्त, म्हणान आयकान घेतंय. त्या बायलेची बाजू घेऊ नको.”

“शाळा बंद झालेली तुम्हाला हवीय का?”

म्हातारा उसळला. “माका? माज्या बापाशीन जमीन दिली त्या शाळेक! मुक्ती झाली आणि दुसऱ्याच वर्सा. पोर्तुगेजांच्या वेळार मराठी शिकूचां तर गुरुजीक घरात लपवन ठेवचां लागा. मगे वाड्यावाड्यार शाळा झाली. आणि आज गावच्यांनी पोरां काढून बालरथात घातलीं. मी नाय घातलंय. माजी नात थंयच शिकतली. सून रडली, रागान माहेराक गेली, तरी मी आयकूक नाय. शाळा आमची. घाट्यांची न्हय, आमची!”

“मग बसू देत की त्यांची मुलं तुमच्या मुलांशेजारी.”

“बसूं दी. पण आपल्या जाग्यार.”

कमलाक्षीने हे असलं बोलणं उभा जन्म ऐकलं होतं. तिथे ते इंग्रजीत होतं एवढंच. परतताना अंकिता वाटेत भेटली आणि ‘अमेरिकेत असं काही नसेल ना’ म्हणाली, तेव्हा ती कडवट हसली.

“एकोणिसशे एकोणसाठ साली व्हर्जिनियातल्या एका काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, कोर्टाने सांगितलं, गोरी आणि काळी मुलं एका शाळेत बसवा. काउंटीने काय केलं असेल? सरकारी शाळाच बंद केल्या. पाच वर्षं. गोऱ्यांनी आपल्या पोरांसाठी खासगी शाळा काढली, आणि काळ्यांची पोरं घरी बसली. दुसऱ्याच्या पोराबरोबर बसवण्यापेक्षा शाळाच नको.”

“बाप रे. ओरडणारी, दगड मारणारी माणसं असतील.”

“ती होतीच. पण मी रिचमंडला नोकरीला लागले तेव्हा ती थकली होती. कायद्याने कुणी कुणाला अडवत नव्हतं. तरी माझ्या वर्गात गोरी मुलं अगदी थोडी, आणि त्यांच्या आया एकेक करून दाखले न्यायला यायच्या. शहराची हद्द ओलांडून दुसरीकडे घर घेतलं म्हणायच्या. त्यांच्यातली एकही ओरडली नाही. सगळ्या गोड बोलायच्या. केक आणून द्यायच्या. म्हणायच्या, ही मुलं वाईट नाहीत हो, पण आमची एकुलती एक आहे.”

बोलता बोलता कमलाक्षी रस्त्यात थांबली. कालपासून ती ओरडणाऱ्या माणसाकडे बघत होती.

५

सिंधूचं कुटुंब परशुरामच्या कामावर, अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर येऊन पडलं होतं. दाराला चौकट नव्हती. सिंधूने बसायला पोतं टाकलं, पण स्वतः उभीच राहिली.

“तुमी बी चौकशीलाच आलाय न्हवं? इचारा. सगळी इचारत्यात.”

“तुला नाही विचारायचं. साक्षीला विचारायचंय.”

“पोरीला हात लावायचा न्हाई.” परशुराम आतून पुढे आला. त्याच्या हातात थापी होती.

“हात लावत नाही. एकच प्रश्न आहे. तिच्या आईला सोडवायचंय का नाही?”

परशुराम बाजूला झाला. कमलाक्षी साक्षीसमोर खाली बसली. साक्षीने गुडघ्यात तोंड खुपसलं होतं.

“साक्षी, काल शाळेत पाणी कुठलं प्यालीस?”

साक्षीने तोंड आणखी आत खुपसलं.

“फिल्टरमधलं?”

मान हलली, नाही म्हणून.

“मग?”

“सांगायचं न्हाई म्हटलंय समीक्षानं. तिची मम्मी मारती.”

सिंधूने भिंतीला हात टेकला. साक्षी हळूहळू बोलू लागली. समीक्षाच्या गुलाबी बाटलीला वर नळी होती, चोखून प्यायची. साक्षीला ती नळी आवडायची. समीक्षाला आवडायचं सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून स्टीलच्या पेल्याने पाणी प्यायला, आणि उरलेलं एकमेकींवर उडवायला. म्हणून दोघी रोज अदलाबदल करायच्या. बाटली साक्षी संपवायची, समीक्षा फिल्टरचं पाणी प्यायची, आणि घरी जाताना रिकामी बाटली समीक्षाच्या गळ्यात.

“काल बी?”

“काल बी.”

सिंधूने साक्षीला जवळ ओढलं. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पोरीवरचा डाग पुसला एवढं कळलं होतं.

कमलाक्षीला मात्र सगळं कळलं. जेपाळ फिल्टरमध्ये होतं. फिल्टरचं पाणी पिणारी सहाही मुलं आजारी पडली, न पिणारी तिन्ही बरी राहिली. एकही मूल हिशेबाबाहेर उरत नव्हतं. ज्याने टाकलं त्याला खात्री होती की गावची मुलं या पाण्याला तोंड लावत नाहीत, त्रास होईल तो बाहेरच्यांनाच, आणि बोट जाईल ते सिंधूकडे.

अंकिताने केलं असतं तर फिल्टर तिने स्वतःच पहिल्यांदा धुतला असता, आणि चवळीची गोष्ट तोंडातून काढली नसती. बाबुरावांनी केलं असतं तर? पण त्यांना शाळा जगवायची होती, आणि नात आजारी पडल्यावर त्यांनी विचारलं ते उसळीचं.

सगळं गाव उसळ उसळ म्हणून ओरडत असताना एकच माणूस पाण्याबद्दल विचारत होतं.

“बाई, कुटं निगालासा?” सिंधूने विचारलं.

“बाबुरावांच्या घरी.”

“मी बी येते.”

“तू नको. तिथे आज फक्त शिव्या मिळतील. त्या मी खाते.”

६

बाबुराव ओसरीवर होते. आत समीक्षा झोपली होती. प्रतीक्षाने हसून कमलाक्षीला खुर्ची दिली आणि चहा आणला.

“काकी, तुम्ही किती दगदग करता. या वयात.”

“बस, प्रतीक्षा. तुलाच भेटायला आलेय.” कमलाक्षीने चहाला हात लावला नाही. “काल तू शाळेत धावत आलीस तेव्हा समीक्षाची बाटली का उलटी करून बघितलीस?”

“बाटली? आठवत नाही.”

“मला आठवतं. तू तिला उसळीचं विचारलं नाहीस. ‘तूच प्यालीस ना’ असं विचारत होतीस. मला वाटलं, पोर सुकली म्हणून आईला घोर लागलाय. तुला घोर वेगळाच होता. घरचं पाणी संपलंय, म्हणजे ती तेच प्याली, मग ती आजारी कशी पडली? तुझं गणित चुकलं होतं.”

“वयनी, काय बरळतस?” बाबुराव उठले.

“ऐका. मग हीच पोर सलाईनला लागलेली असताना ही तिला सोडून शाळेत परत गेली. कशाला? फरशी पुसायला? कुठली आई जाईल? हिला फिल्टर धुवायचा होता. काल सकाळी मुलं अंगणात प्रार्थना म्हणत होती तेव्हा खोलीत तुम्ही होतात आणि ही आली होती. कपाट फिल्टरच्या मागेच आहे. तुमची तिकडे पाठ असेल.”

बाबुरावांनी सुनेकडे बघितलं. त्यांची पाठ होती.

“काकी, पुरावा काय?” प्रतीक्षाचा आवाज अजून गोडच होता.

“तुझी मुलगी. ती रोज बाटली साक्षीला देते आणि स्वतः फिल्टरचं पाणी पिते. म्हणून साक्षी वाचली, आणि म्हणून समीक्षा आडवी झाली. खोटं वाटत असेल तर तिला उठवून विचार. तुझ्या हातचं औषध तुझ्याच लेकीच्या पोटात गेलं, प्रतीक्षा.”

प्रतीक्षाचं हसू गेलं. तिने आतल्या खोलीकडे बघितलं, आणि मग तिचा आवाज बदलला.

“मला कुणाला मारायचं नव्हतं. पोटं बिघडली असती, ओरड झाली असती, शाळा बंद पडली असती, एवढंच. बाबांनी माझं कधी ऐकलं? सगळ्या गावाची मुलं बालरथात बसून जातात आणि माझी एकटी त्या खोलीत. घरी येऊन ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणते. वाढदिवसाला कुणाला बोलवू मी? माझ्या बहिणी विचारतात, तुझ्या पोरीला एवढीच शाळा मिळाली का? बाबांच्या बापाची जमीन, बाबांचं नाक, आणि बळी माझ्या पोरीचा! ती मुलं वाईट आहेत असं मी कधी म्हटलं नाही. त्यांना फिल्टर मीच दिला.”

“देऊन त्यातच घातलंस.”

“तुम्ही सांगू नका! तुम्ही अमेरिकेत राहून आलात. तुमची मुलं कुठे शिकली?”

“मुलगा एकच. मी शिकवायचे त्याच शाळेत. शहरातली सगळ्यात बदनाम शाळा होती. तू म्हणतेस ते सगळं मलाही माझ्या बहिणींनी विचारलंय. पण ती शाळा बंद पडावी म्हणून मी कुणाच्या पोराच्या पेल्यात काही घातलं नाही.”

बाबुराव भिंतीला धरून उभे होते. “मी तोंडान बोलतंय,” ते पुटपुटले. “घाटी म्हणतंय, भायले म्हणतंय. पण असां… भुरग्यांच्या पाण्यात… माज्या घरातसून…”

“तुम्ही रोज ओसरीवर बसून बोलत होतात, ते हिने ऐकलं,” कमलाक्षी म्हणाली. “गावाला हेच हवंय असं हिला वाटलं. फार चुकीचं वाटलं नाही.”

म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. काठी दाराकडे रोखून ते ओरडले, “वयनी, भायर हो! माज्या घरातसून भायर हो!”

फाटकाबाहेर येईपर्यंत तिला मागून भांडं फेकल्याचा आवाज आला, आणि समीक्षाचं रडणं. बाबुराव हे दाबतील की उघड करतील, तिला सांगता आलं नसतं. नातीची साक्ष काढायची तर आधी नातीला सांगावं लागणार होतं की तुझ्या आईने हे केलं. ते काम कमलाक्षीला नको होतं.

७

सकाळी ती पुन्हा सिंधूकडे गेली तेव्हा बाबुराव तिथे आधीच पोचले होते. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. ते चौकट नसलेल्या दारासमोर उभे होते आणि आत कुणी बोलावत नव्हतं.

“बाये,” ते सिंधूला म्हणाले, “तुजेर बोल आयलो तो खोटो. माज्या सुनेन केलां. मी चौकीर जातंय, सांगतंय. तू हांगाच रव. गाडी हाडलंय मी.”

“ती कुटं हाय?”

“घरात. खंय पळान जावक नाय. पोलीस विचारतले तेव्हा सांगतलंय म्हणता.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “नातीक मी काल सांगलां. तिणां माजेकडे बघूक नाय.”

परशुराम काहीतरी बोलणार होता. सिंधूने त्याला हाताने थांबवलं.

“तुमी गाडीनं जाणार. काच वर करून. सायबाच्या कानात सांगून परत येणार. आन् गावाला काय कळंल? सिंधू सुटली, वशिला लावला आसंल.” ती पायऱ्या उतरली. “माझं सामान भर रस्त्यावर काढलं सगळ्यांम्होरं. मी बी येणार. चालत. बाजारातनं.”

“चौकी लांब आसा गो. माजो पाय…”

“काठी हाय न्हवं?”

बाबुरावांनी कमलाक्षीकडे बघितलं. तिने काही मदत केली नाही.

निघाले. पुढे बाबुराव, काठी टेकत. चार पावलं मागे सिंधू, मान ताठ. त्यांच्या मागे कमलाक्षी. काजूच्या मोहोराचा उग्र वास रस्त्यावर उतरला होता. देवळापाशी माणसं बोलायची थांबली. भाग्यलक्ष्मी अंगण झाडता झाडता केरसुणी धरून उभी राहिली. बालरथ मागून आला, भोंगा वाजवून पुढे गेला, आणि खिडक्यांतून पोरांची तोंडं वळून बघत राहिली.

गोकुळदास दुकानाच्या पायरीवर आला. “खंय चल्लास, बाबुराव? ह्या बायलेवांगडा?”

बाबुराव थांबले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. कमलाक्षीला वाटलं, बोलतील.

“चौकीर,” ते म्हणाले. “भुरग्यांच्या पाण्यात जेपाळ माज्या सुनेन घातलां. तांच सांगूक.”

दुकानात कुणी हललं नाही. मग एकजण थुंकला. कुणावर थुंकला ते समजलं नाही. गोकुळदास म्हणाला, “म्हातारो पिसावलो, याड लागलां तेका,” आणि कुणीतरी हसलं.

बाबुराव पुन्हा चालू लागले तशी सिंधू मागून म्हणाली, “म्होरं नगा चालू.”

ते वळले.

“मी कुणाच्या मागनं चौकीवर जानार न्हाई. बरूबर चाला.”

गावात कुणी बाबुरावांशी असं बोललं नव्हतं. काठीवरची मूठ आवळली, सैल झाली. मग ते रस्त्याच्या एका कडेला सरकले. सिंधू त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

दुकानासमोरचे लोक रस्त्यातच उभे होते. वाट कुणी दिली नाही. तेव्हा ती दोघं गटाराच्या कडेने, एकमेकांचा धक्का लागत, पुढे निघाली.